जनावरांच्या पोटात पाणी होणे : लक्षणांची वेळीच ओळख

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मोडतात. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस, आणि तोही लहरी, अशा या माळरानावर ज्वारी-बाजरीच्या जोडीने मेंढी व शेळी यांनीच अनेक कुटुंबांना आधार दिला आहे. हा व्यवसाय येथे फार जुना आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ सालापासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजने जे उत्खनन केले, त्यात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत धान्याबरोबर शेळ्यामेंढ्यांची हाडेही सापडली. त्याच ठिकाणी पुराचे पाणी वळविण्यासाठी घातलेला बांध व चर असल्याचेही उत्खननकर्त्यांनी नोंदविले आहे. मेंढी आणि पाट यांचा शेजार या भागाला नवा नाही. मात्र गेल्या काही दशकांत पाटाचे पाणी ज्या प्रमाणात वाढले, त्या प्रमाणात त्या पाण्याबरोबर येणाऱ्या रोगांची ओळख मेंढपाळांत वाढली नाही.

कळपातील एखादी मेंढी पोटाने मोठी दिसू लागली की सामान्यतः तीन तर्क केले जातात. ती गाभण असावी हा पहिला. चारा अंगी लागला असावा हा दुसरा. आणि पोट फुगले असावे, तेल पाजावे हा तिसरा. या तिन्ही तर्कांत दिवस जातात. पुढे मेंढी कळपाच्या मागे पडू लागते, चालताना बसते, आणि एखाद्या सकाळी वाड्यात मरून पडलेली आढळते. किंवा त्याआधीच व्यापाऱ्यास मिळेल त्या भावाने दिली जाते. मेंढी गेल्याचे दुःख असतेच. परंतु अधिक मोठी हानी अशी की, ती ज्या कारणाने गेली ते कारण कळपातील आणखी दहा-वीस मेंढ्यांच्या पोटात तसेच राहिलेले असते.

पोटातील पाणी हे लक्षण आहे

पोटाच्या पोकळीत पाणी साचणे यास जलोदर म्हणतात. जलोदर हा स्वतंत्र रोग नव्हे. शरीरात अन्यत्र बराच काळ चाललेल्या बिघाडाचे ते उशिरा दिसणारे चिन्ह होय. हे पाणी पिण्याच्या पाण्यापासून थेट होत नाही. रक्तातील पाणी रक्तवाहिन्यांतच टिकून राहावे यासाठी रक्तात अल्ब्युमिन नावाचे प्रथिन असते व ते यकृतात तयार होते. यकृत बिघडले, अथवा जंतांनी रक्त शोषून हे प्रथिन कमी केले, म्हणजे पाणी वाहिन्यांतून झिरपून बाहेर येते आणि सखल जागी उतरते. यकृताची जागा तंतूंनी व्यापून ते कठीण झाले, तर आतड्यांकडून यकृताकडे येणाऱ्या रक्ताचा मार्ग अडतो व मागे दाब वाढून पाणी पाझरते. हृदय दुबळे झाले तरी तोच परिणाम होतो. या तिहींपेक्षा अगदी निराळा प्रकार म्हणजे मूत्राशय फुटून लघवी पोटात साचणे. त्याचा विचार पुढे केला आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. पोट सुटेपर्यंत वाट पाहणारा मेंढपाळ रोगाच्या शेवटच्या टप्प्याची वाट पाहत असतो. पोटापूर्वी डोळा बोलतो, त्यानंतर जबडा बोलतो. पोट सर्वांत शेवटी बोलते.

वायू, गर्भ की पाणी?

तरीही पोट मोठे झालेले जनावर समोर आल्यावर ते कशाने मोठे झाले हे प्रथम ठरविले पाहिजे, कारण उपाय सर्वस्वी भिन्न आहेत. त्यासाठी जनावर सपाट जागी उभे करावे व मागच्या बाजूने, शेपटीकडून, त्याच्या दोन्ही कुशी न्याहाळाव्यात.

पोटफुगीमध्ये कोटीपोटात वायू कोंडतो. कोटीपोट डाव्या बाजूस असते; म्हणून डावी भकाळी वर उचलली जाते, कित्येकदा पाठीच्या कण्याबरोबर येते, आणि तीवर बोटांनी वाजविले असता ढोलासारखा आवाज निघतो. हा प्रकार काही तासांत उद्भवतो. जनावर अस्वस्थ असते, उठबस करते, तोंडाने श्वास घेते. ओला लसूणघास, कोवळा हिरवा चारा किंवा धान्य अकस्मात अधिक खाण्यात आले असल्याचे चौकशीत बहुधा समजते.

गाभण मेंढीचे पोट उजव्या बाजूस व खाली अधिक भरते. गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा असल्याने ही वाढ शेवटच्या दीड-दोन महिन्यांतच डोळ्यांत भरते. कास उतरू लागते, पाठ भरलेली राहते, पापणीची आतील बाजू लाल असते. कळपात नर केव्हा सोडला होता याचा हिशेब ठेवणाऱ्या मेंढपाळास येथे फसण्याचे कारण नाही.

पाणी झालेल्या जनावराचे पोट दोन्ही बाजूंनी सारखेच व खालच्या अंगास सुटते. मागून पाहिल्यास ते पेरूच्या आकाराचे, वर निमुळते व खाली रुंद दिसते. भकाळी वर फुगण्याऐवजी आत गेलेली असते. पाठीचा कणा, बरगड्या व माकडहाड ठळक दिसतात. खांद्यामागे व पाठीवर हात फिरविला असता मांस नाही, आणि खाली पोट मात्र पखालीसारखे लोंबते, ही विसंगती हेच जलोदराचे मुख्य चिन्ह समजावे. लोकर रूक्ष होते व ओढताच सहज सुटते.

खात्री करण्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. एकाने मेंढीच्या उजव्या कुशीच्या खालच्या भागावर तळहात सपाट टेकवावा. दुसऱ्याने डाव्या कुशीवर त्याच उंचीवर बोटांनी टिचकी मारावी. पोटात पाणी असेल तर टिचकीची लाट पलीकडच्या तळहातास लागते. ही परीक्षा सकाळी, चरावयास सोडण्यापूर्वी करावी. भरल्या पोटी कोटीपोटातील पातळ चाऱ्याचाही हिसका हातास लागतो व निदान चुकते. लहान कोकराचे पुढील दोन पाय हलकेच उचलून धरले असता पाणी मागील बाजूस सरकून पोटाचा आकार तेथल्या तेथे बदलतो, हेही पाहता येते. अत्यवस्थ मेंढीस मात्र असे उचलू नये.

डोळा आणि जबडा

मेंढीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने हलकेच खाली ओढून आतील कातडी भर उजेडात पाहावी. ती लाल किंवा लालसर गुलाबी असणे हे निरोगीपणाचे लक्षण होय. फिकट गुलाबी झाली तर सावध व्हावे. चिनी मातीच्या भांड्यासारखी पांढरी झाली तर जनावर धोक्यात आहे. दक्षिण आफ्रिकेत १९९० नंतरच्या दशकात याच गोष्टीवरून पाच रंगांची एक तक्ताचिठ्ठी तयार करण्यात आली. ‘फमाचा’ या नावाने ती अनेक देशांतील मेंढपाळ वापरतात. चिठ्ठी हाती नसली तरी दर पंधरा दिवसांनी कळपातील पंधरा-वीस मेंढ्यांच्या पापण्या पाहण्याची सवय ठेवली, तर रंगातील फरक डोळ्यांस आपोआप कळू लागतो.

रक्तक्षय वाढला म्हणजे जबड्याखाली, दोन हाडांच्या मधल्या मऊ जागेत पाणी उतरते. ही सूज मऊ व थंड असते, दुखत नाही, आणि बोटाने दाबल्यास खळगा पडून तो काही वेळ तसाच राहतो. या सुजेची एक लहर मेंढपाळांना अनेकदा चकवते: संध्याकाळी ती मोठी दिसते आणि सकाळी नाहीशी झालेली असते. मेंढी दिवसभर मान खाली घालून चरते, तेव्हा पाणी जबड्याकडे उतरते. रात्री मान वर ठेवून बसली की ते मागे सरते. सकाळी सूज ओसरली म्हणून मेंढी बरी झाली असे समजणे ही मोठीच फसगत होय. कळप वाड्यात परत येताना, सायंकाळच्या उजेडात, एकेका मेंढीचा जबडा पाहणे हे उत्तम.

येथे एक सावधगिरी हवी. गळ्याखालची सूज गरम, कठीण व दुखरी असेल, अंगात ताप असेल आणि जनावर काही तासांतच घुरघुरू लागले असेल, तर ते जंतांचे पाणी नव्हे. गायी-म्हशींत असे दिसल्यास घटसर्पाची शंका घेऊन त्याच क्षणी पशुवैद्यकास कळविले पाहिजे.

पाटाचे पाणी, गोगलगाय आणि पर्णकृमी

शिरूर व दौंड भागात मेंढ्यांच्या पोटात पाणी होण्यास दोन प्रकारचे जंत मुख्यतः कारणीभूत होतात. पहिला रक्त पिणारा गोलकृमी. हा चौथ्या पोटात राहतो, दोन-तीन सेंटिमीटर लांब असतो आणि मादीच्या अंगावर तांबड्या-पांढऱ्या दोऱ्यांचा पीळ असल्यासारखे दिसते. एक कृमी दिवसास सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्ताची हानी करतो. संख्या क्षुल्लक वाटेल. परंतु पाच हजार कृमी असलेल्या मेंढीचे रोज पाव लिटर रक्त जाते, आणि तीस किलोग्रॅम वजनाच्या मेंढीच्या अंगात सगळे मिळून रक्त दोन लिटरांच्या आसपासच असते. पावसाळ्यात, जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, याचा जोर असतो. जबड्याखाली पाणी उतरणे हे त्याचे ठळक चिन्ह; पोटात पाणी त्या मानाने कमी होते.

दुसरा, आणि जलोदराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा, तो यकृतातील पर्णकृमी. झाडाच्या पानासारखा चपटा असल्याने त्यास हे नाव पडले. आपल्या सपाट प्रदेशात आढळणारी फॅसिओला जायगँटिका ही जात अडीच ते साडेसात सेंटिमीटरांपर्यंत वाढते. या कृमीची ओळख मेंढपाळांस फार प्राचीन आहे. फ्रान्समधील जाँ द ब्री नावाच्या मेंढपाळाने १३७९ साली लिहिलेल्या पुस्तकात त्याचे वर्णन केले होते. पण तो मेंढीच्या पोटात जातो कसा, हे कळावयास पुढे पाच शतके लागली. इंग्लंडमध्ये १८७९-८० च्या अतिवृष्टीनंतर या रोगाने सुमारे तीस लाख मेंढ्या दगावल्या. त्यानंतर १८८१ ते १८८३ या काळात इंग्लंडमध्ये टॉमस व जर्मनीत ल्यूकार्ट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असे दाखवून दिले की या कृमीस मेंढीपर्यंत पोहोचण्यासाठी पाण्यातील गोगलगाय लागते.

तो क्रम असा आहे. रोगी जनावराच्या शेणातून किंवा लेंड्यांतून अंडी पडतात. पाण्यात दोन-तीन आठवड्यांनी त्यांतून सूक्ष्म डिंभक बाहेर येतो. त्यास एखाद्या दिवसाच्या आत लिम्निया जातीची लहान, पातळ कवचाची गोगलगाय भेटली नाही तर तो मरतो. भेटली तर तिच्या शरीरात त्याची वाढ होऊन एकाचे शेकडो होतात. दोन-तीन महिन्यांनी ते बाहेर पडून पाण्याकाठच्या गवतावर, लव्हाळ्यावर, पाण्यात बुडालेल्या देठांवर चिकटून कवचबद्ध होतात. ते गवत मेंढीने खाल्ले म्हणजे कोवळे कृमी आतडे भेदून पोटाच्या पोकळीतून यकृतात शिरतात, कित्येक आठवडे ते पोखरत हिंडतात, आणि शेवटी पित्तनलिकेत ठाण मांडून अंडी घालू लागतात. गवत खाल्ल्यापासून येथपर्यंत तीन ते चार महिने जातात.

आता या तालुक्यांचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. दोन्ही तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. शिरूरच्या बाजूस घोड व कुकडी. चिंचणी येथे घोड नदीवर धरण आहे. चासकमानचा कालवा शिरूरमध्ये येतो. खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा दौंडमधून पुढे जातो. वरवंडसारखे तलाव आहेत. आणि दौंडच्या पूर्व कडेस उजनीचा फुगवटा पोहोचतो. जेथे कालवा पाझरतो, जेथे चारीचे पाणी सखल शेतात साठून जमीन चिबड होते, जेथे तलावाचे पाणी हटून गाळपेरीची जमीन उघडी पडते, तेथे गोगलगाईस हवे ते सारे एकत्र मिळते: संथ उथळ पाणी, चिखल व हिरवळ. कोरड्या माळावर हा कृमी तग धरू शकत नाही. पण माळावरचे गवत दिवाळीनंतर वाळते, आणि मेंढ्या हिरवळीच्या ओढीने नेमक्या याच कडांवर उतरतात. तेव्हा गवतावर कवचबद्ध डिंभकांचा थर सर्वांत दाट असतो. कालव्याच्या आवर्तनामुळे हाच धोका उन्हाळ्यातही टिकून राहतो.

दसरा-दिवाळीनंतर कोकणाकडे जाणाऱ्या कळपांना भातखाचरांतही हीच गोगलगाय भेटते. जूनच्या सुमारास ते कळप परत येतात तेव्हा कृमी अंडी घालण्याच्या वयास आलेले असतात, आणि पहिल्या पावसाबरोबर ती अंडी येथील ओढ्यांत उतरतात. शेतात कळप बसवून खत घेण्याची पद्धत दोन्ही बाजूंच्या लाभाची आहे आणि ती मोडावी असे कोणी म्हणणार नाही. कळप बसविण्याची जागा मात्र चारीपासून व विहिरीच्या ओघळीपासून दूर असावी, एवढे शेतमालकाने पाहिले पाहिजे.

पर्णकृमीचा रोग दोन रूपांनी येतो. एकाच वेळी पुष्कळ कोवळे कृमी यकृतात शिरले तर मेंढी पोट न सुटताच अकस्मात मरते; पोट उघडल्यास रक्तमिश्रित पाणी व पोखरलेले यकृत दिसते. अशी मरतूक नोव्हेंबर ते जानेवारीत होते आणि तिचा दोष बहुधा आंत्रविषारास दिला जातो. दुसरे रूप सावकाशीचे: पापणी फिकटणे, जबड्याखाली पाणी, कधी हगवण तर कधी मळ घट्ट, दूध आटणे, कोकरू अशक्त जन्मणे, आणि फेब्रुवारीपासून पुढे पोटात पाणी. गायी-म्हशींत हे दुसरे रूपच बहुधा आढळते. त्या लवकर मरत नाहीत, पण दूध घटते, आणि त्यांच्या शेणातून अंडी वर्षभर पाण्यात जात राहतात. म्हणून मेंढ्यांना औषध देऊन गोठ्यातील म्हैस वगळण्यात फारसा अर्थ नाही.

शेण तपासून अंडी न दिसल्यास पर्णकृमी नाहीच असे मानू नये. वर सांगितल्याप्रमाणे पहिले तीन-चार महिने कृमी अंडी घालीत नाही, आणि मेंढी मात्र त्याच काळात मरू शकते. कळपातील जनावर कापले गेले तर कलेजी स्वतः पाहावी, हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. पित्तनलिका पांढऱ्या, जाड व नळीसारख्या झाल्या असतील आणि आडवे कापून दाबल्यावर पानासारखे कृमी बाहेर आले तर शंकेस जागा उरत नाही. कलेजीवर पाण्याने भरलेल्या फोडांसारख्या गाठी दिसल्या तर तो प्रकार निराळा; त्या कुत्र्याच्या पट्टकृमीपासून होतात व माणसासही बाधतात. अशी कलेजी कुत्र्यास न घालता खोल पुरावी.

जंतांखेरीज इतर कारणे

बोकड, खच्ची केलेले एडके व बैल यांच्यात मूतखड्याने मार्ग अडून मूत्राशय फुटते. बकरी ईदसाठी धान्य व मका खाऊ घालून वाढविलेल्या बोकडांत हे विशेष आढळते. आधी एक-दोन दिवस जनावर लघवीसाठी पाय ताणते, कण्हते, थेंब थेंब गळते किंवा काहीच येत नाही. नंतर अकस्मात शांत होते, आणि मालकास वाटते की बरे वाटले. वस्तुतः मूत्राशय फुटल्याने कळ थांबलेली असते. पुढील दोन दिवसांत पोट दोन्ही बाजूंनी खाली सुटते, श्वासास लघवीचा वास येतो. लघवी अडल्याचे दिसताच, पोट सुटण्याआधी, दवाखान्यात नेले तरच काही आशा असते. प्रतिबंध साधा आहे: धान्य मर्यादित, चारा भरपूर, पिण्यास स्वच्छ पाणी सदैव, व पशुवैद्यकाच्या सल्ल्याने मीठ.

गायी-म्हशींनी चाऱ्याबरोबर तार किंवा खिळा गिळला तर तो जाळीदार पोटातून पुढे सरकून हृदयाच्या आवरणात रुततो. अशा जनावराच्या पुढील दोन पायांमधील छातीच्या भागास व गळ्याखाली सूज येते, मानेची शीर दोरीसारखी फुगून राहते, जनावर उतारावरून जाण्यास कचरते, कोपरे बाहेर काढून उभे राहते. पोटातील पाणी येथे हृदयामुळे झालेले असते. जंताचे औषध पाजून वेळ दवडू नये.

शिरूर-दौंडमध्ये ब्रॉयलर कोंबड्यांचे गोठे पुष्कळ झाले आहेत, आणि त्यांतही पोटात पाणी होण्याचा रोग हिवाळ्यात नुकसान करतो. तो जंतूंचा किंवा जंतांचा नाही. ब्रॉयलर पक्षी इतक्या वेगाने वाढतो की त्याची प्राणवायूची गरज हृदय व फुप्फुसे यांच्या शक्तीबाहेर जाते. हा रोग प्रथम दक्षिण अमेरिकेतील उंच, विरळ हवेच्या प्रदेशांत ध्यानात आला तो यामुळेच. आपल्याकडे उंची तेवढी नाही. पण डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री ऊब राहावी म्हणून पडदे खालपासून वरपर्यंत बांधले जातात, आत अमोनियाचा वास कोंडतो, आणि परिणाम तोच होतो. चार ते सहा आठवड्यांचे, विशेषतः वजनदार नर पक्षी धापा टाकतात, तुरा निळसर पडतो, पोट ताणून लाल दिसते, चाल बदकासारखी होते. मेलेला पक्षी उघडल्यास पिवळसर पाणी व त्यात चिकट गोळे निघतात. पडद्यांची वरची फूट-दीड फूट जागा रात्रीही उघडी ठेवावी. ऊब हवी असेल तर ती शेगडी किंवा दिव्यांनी द्यावी, हवा कोंडून नव्हे. पहाटे गोठ्यात शिरताच डोळे चुरचुरले तर पक्ष्यांनी रात्रभर तीच हवा घेतली असे समजावे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खाद्य थोडे आवरून वाढ संथ केल्यानेही मरतूक कमी होते.

उपचाराविषयी

पोटात पाणी दिसताच सुईने किंवा दाभणाने भोसकून ते काढून टाकण्याचा मोह होतो. तसे मुळीच करू नये. त्या पाण्याबरोबर शरीरातील उरलेसुरले प्रथिनही जाते, पाणी पुन्हा भरते, आणि घाणेरड्या सुईने आतड्यास इजा होऊन जनावर त्याच आठवड्यात दगावते. पशुवैद्यक थोडे पाणी काढतात ते परीक्षेसाठी: स्वच्छ पिवळसर पाणी यकृत किंवा प्रथिनक्षय दर्शविते, लघवीचा वास फुटलेले मूत्राशय दर्शवितो, गढूळ व दुर्गंधी पाणी आतील पू दर्शविते.

पर्णकृमीवर आज उत्तम औषधे आहेत. एके काळी वापरात असलेल्या कार्बन टेट्राक्लोराइडसारखे ती यकृतास घातक नाहीत. परंतु सर्व औषधे सर्व वयाच्या कृमींवर चालत नाहीत. ट्रायक्लॅबेंडाझोल कोवळ्या व जून अशा दोन्ही कृमींवर परिणाम करते. ऑक्सिक्लोझॅनाइड व अल्बेंडाझोल मुख्यतः जून कृमींवर. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये केवळ अल्बेंडाझोल पाजून निश्चिंत झालेल्या मालकाच्या मेंढ्या जानेवारीत का मरतात, याचे उत्तर यात आहे. अल्बेंडाझोल गर्भाच्या पहिल्या महिन्यात देऊ नये. क्लोझँटेलची मात्रा वाढल्यास जनावर आंधळे होते. म्हणून मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी आणि ती वजनावर द्यावी. नजरेच्या अंदाजाने दिलेली अपुरी मात्रा कृमी मारीत नाही, उलट त्यांना औषधास सरावविते. औषध पाजताना मेंढीचे तोंड पाठीच्या रेषेपेक्षा फार वर धरू नये. औषध श्वासनलिकेत जाते. दूध किती दिवस वापरू नये हे त्याच वेळी विचारून घ्यावे.

औषध लागू पडले तरी पोटातील पाणी एका दिवसात ओसरत नाही. यकृतास सावरण्यास आठवडे लागतात, आणि त्यासाठी प्रथिन हवे. शेंगदाणा पेंड, थोडा वाळवलेला लसूणघास, शेवरी किंवा सुबाभळीचा पाला अशा मेंढीस वाड्यातच द्यावा; तिला कळपाबरोबर मैलोगणती चालवू नये. यकृत पूर्ण कठीण झालेली मेंढी बहुधा सावरत नाही, आणि तिच्यावरील खर्चापेक्षा तोच पैसा उरलेल्या कळपाच्या औषधावर खर्चणे शहाणपणाचे ठरते.

पाण्याच्या जागेची व्यवस्था औषधाइतकीच महत्त्वाची आहे. कळप चारीवर किंवा डबक्यात उतरविण्याऐवजी उंचवट्यावर बांधलेल्या हौदातून पाजावा आणि हौदाभोवती मुरूम टाकून चिखल होऊ देऊ नये. कालव्याच्या पाझराचे डबके ग्रामपंचायतीमार्फत पाटबंधारे खात्याच्या नजरेस आणावे. पाण्याकाठचे गवत कापावयाचेच असेल तर पाण्याच्या पातळीच्या वर, वीतभर ठेवून कापावे व कडक उन्हात चांगले वाळवून मगच घालावे. मुरघासातही डिंभक मरतात. गोगलगाई मारण्यासाठी डबक्यात मोरचूद टाकण्याची जुनी शिफारस आता कोणी अनुसरू नये. त्याने मासे मरतात, आणि मेंढी तर तांब्याच्या विषास फारच लवकर बळी पडते. बदके पाळणाऱ्यांच्या डबक्यांत गोगलगाई कमी आढळतात, ही गोष्ट तळेवाल्या शेतकऱ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

मरतुकीचे कारण लागत नसेल तर नमुने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पुण्यास औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठविता येतात. लेंड्या जमिनीवरून न उचलता थेट गुदद्वारातून, किमान पाच-सहा मेंढ्यांच्या, वेगवेगळ्या स्वच्छ डब्यांत घ्याव्यात व थंड जागी ठेवाव्यात. यकृताचा बोटभर जाडीचा तुकडा एक भाग फॉर्मेलिन व नऊ भाग पाणी यांत बुडवावा. बरोबरच्या चिठ्ठीत गाव, कळपाची संख्या, आजारी व मेलेल्या मेंढ्या, शेवटचे जंताचे औषध कोणते व केव्हा दिले, आणि गेल्या चार महिन्यांत कळप कोणकोणत्या पाण्यावर उतरला होता हे लिहावे. या शेवटच्या ओळीवरूनच रोग कोणत्या डबक्यातून आला याचा माग बहुधा लागतो.